न झालेल्या विमानतळाची गोष्ट

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई-बाबा इकडे आले, तेव्हा 'आता यांना कुठे न्यायचं?' हा नेहमीचा प्रश्न होताच. नायगारा मागच्या खेपेला झाला होता, वॉशिंग्टन झालं होतं, आणि ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर तर प्रत्येक खेपेला दोनदा होतं. शेवटी एका रविवारी घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या ग्रेट स्वॉम्पला गेलो.

"स्वॉम्प म्हणजे काय रे?" आईने गाडीत विचारलं.

"दलदल."

"अरे, दलदल बघायला एवढ्या लांब आणलंस होय आम्हाला?"

पण तिथल्या लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून चालताना ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवं दिसली, आणि आई गप्प झाली. पुढे एक मोठा निळसर करडा बगळा अगदी ध्यानस्थ उभा होता. माझा सहा वर्षांचा मुलगाही कधी नव्हे तो पाच मिनिटं शांत राहिला. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान नेवार्कच्या दिशेने उतरत गेलं. बगळा हलला नाही, पण बाबांनी वर पाहिलं.

व्हिजिटर सेंटरमध्ये या जागेचा इतिहास मांडून ठेवला आहे. बाबांना भिंतीवरचं सगळं, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट, वाचायची सवय. ते मला हाक मारून म्हणाले, "अरे, इथे विमानतळ होणार होता म्हणतात. मग झाला का नाही?"

मी या भागात दहा वर्षं राहतोय, पण मला उत्तर माहीत नव्हतं! कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करताना इतिहासाशी माझा संबंध दहावीतच संपला होता. पण बाबांचा प्रश्न डोक्यात राहिला, आणि मग रात्री मुलं झोपल्यावर वाचायला सुरुवात केली. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटलं, कारण ही गोष्ट आपल्या परसदारातली आहे. चॅटम, बास्किंग रिज, मॉरिसटाउन या भागात आपली किती घरं आहेत!

ग्रेट स्वॉम्प मॅनहॅटनच्या टाइम्स स्क्वेअरपासून जेमतेम २६ मैलांवर आहे. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं एक प्रचंड सरोवर इथे होतं, त्याला लेक पसाइक म्हणतात. ते आटलं आणि तळाची चिकणमाती उरली. त्या मातीतून पाणी मुरत नाही, म्हणून ही दलदल. १७०८ साली डेलावेअर आदिवासींकडून या दलदलीसह ३०,००० एकरांचा पट्टा इंग्रज गुंतवणूकदारांनी घेतला तो रमचं एक पिंप, १५ किटल्या, चार पिस्तुलं, चार तलवारी, आणखी थोडं सामान आणि रोख ३० पौंड देऊन. न्यू जर्सीतल्या घरांच्या आजच्या किमती बघता हा व्यवहार वाचून मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. असो.

पुढची अडीचशे वर्षं लोकांनी इथे लाकूड तोडलं, चर खणून पाणी काढायचा प्रयत्न केला, थोडी शेती केली. दलदल कुणाला फारशी वश झाली नाही. थोडक्यात, नकाशावर बघितलं तर ती 'रिकामी' जागा होती. आणि शहराजवळ रिकामी जागा दिसली की काय होतं हे आपल्याला सांगायला नको.

१९५८ मध्ये बोइंग ७०७ विमानं प्रवासी घेऊन उडायला लागली. जेटचं युग आलं, आणि न्यूयॉर्कचे विमानतळ आता पुरायचे नाहीत असं पोर्ट ऑथॉरिटीच्या हिशेबात आलं. ३ डिसेंबर १९५९ ला बातमी फुटली, की मॉरिस काउंटीत, ग्रेट स्वॉम्पवर, सुमारे १०,००० एकरांचा 'जेटपोर्ट' करायचा विचार आहे. ज्यांची घरं त्या नकाशात गेली होती, त्यांनाही ही बातमी इतरांसारखी वर्तमानपत्रातूनच कळली.

पोर्ट ऑथॉरिटी म्हणजे काही साधीसुधी संस्था नव्हे. पूल, बोगदे, बंदरं, विमानतळ सगळं त्यांचं. ऑस्टिन टोबिन हे १९४२ पासून तिचे प्रमुख होते आणि १९७२ पर्यंत राहिले. ज्यांनी पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं केलं, तेच हे. यांनी मनात आणलं की काम होत असे. अशा संस्थेपुढे चार गावांतले लोक काय करणार?

पहिली गोष्ट केली ती कुणीही करेल तीच. सभा घेतल्या, पत्रं लिहिली, आमदार-खासदारांना गाठलं. त्यासाठी 'जर्सी जेटपोर्ट साइट असोसिएशन' नावाची संघटना झाली. काँग्रेसमधले त्या भागाचे प्रतिनिधी पीटर फ्रेलिंगहायसन विरोधात उभे राहिले. पण विरोध करून वेळ मिळतो, जागा मिळत नाही. आज हा गव्हर्नर 'नाही' म्हणाला तरी उद्याचा 'हो' म्हणू शकतो.

दुसरी गोष्ट जी केली ती मात्र मला एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमरने शोधलेल्या पळवाटेसारखी वाटली. पोर्ट ऑथॉरिटीला खासगी जमीन सक्तीने संपादन करता येत होती. पण केंद्र सरकारची जमीन तिला घेता येत नव्हती! मग काही लोकांनी ठरवलं, की ही दलदल आपणच विकत घ्यायची आणि वॉशिंग्टनला फुकट देऊन टाकायची, तिथे पक्ष्यांचं अभयारण्य करा म्हणून. त्यासाठी 'ग्रेट स्वॉम्प कमिटी' स्थापन झाली. ही कमिटी नॉर्थ अमेरिकन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या छत्राखाली चालायची. म्हणजे देणगीदारांना करसवलत मिळे, आणि जमीन कुणा एकाच्या नावावर न जाता फाउंडेशनच्या नावावर जाई.

या कमिटीत दोन माणसं अशी होती, की त्यांना एका टेबलाशी बसवायची कल्पनाही कुणी केली नसती.

एक म्हणजे मार्सेलस हार्टली डॉज. रेमिंग्टन या बंदुकांच्या कंपनीचे धनी. त्यांची पत्नी रॉकफेलर घराण्यातली. मॅडिसनला शेकडो एकरांची इस्टेट. १९५९ साली हे गृहस्थ ७८ वर्षांचे होते. आयुष्यभर बंदुका विकल्या आणि म्हातारपणी बदकांच्या बाजूने उभे राहिले, असं विनोदाने म्हणता येईल. पण त्यांनी स्वतःचे पैसे ओतले, ओळखीच्या धनिकांकडून काढले, आणि त्यांच्या नावामुळे या कामाला वजन आलं, हे खरं.

दुसऱ्या हेलन फेन्स्की. दलदलीच्या काठावरच्या ग्रीन व्हिलेजमध्ये राहणाऱ्या, घर आणि मुलं सांभाळणाऱ्या बाई. हाती ना पैसा, ना पद. पण कमिटीच्या रोजच्या कामाची धुरा हळूहळू त्यांच्याकडे आली. गार्डन क्लब, शाळा, चर्च, महिला मंडळं, जिथे कुणी ऐकून घेईल तिथे जायचं आणि दलदल म्हणजे काय ते सांगायचं. 'डास होणारी घाणेरडी जागा' हे लोकांच्या डोक्यातलं चित्र बदलायचं. मला वाटतं, डॉज यांच्या चेकपेक्षा हे काम अवघड होतं.

यात सगळ्यात किचकट भाग जमिनीच्या कागदपत्रांचा होता. दलदल एका मालकाची नव्हती. जुन्या काळी शेतकऱ्यांनी सरपणासाठी म्हणून तिचे छोटे छोटे तुकडे वाटून घेतले होते. मूळ मालक कधीच वारलेले, वारस कुठल्या कुठे गेलेले. आपल्याकडे निदान सातबारा काढता येतो (आणि त्यावरची चुलत्यांची नावं वाचून भांडता येतं). इथे जुनी खरेदीखतं एकामागून एक उलगडत मागे जावं लागतं. कुणीतरी ते केलं. एकेक तुकडा शोधला, मालक शोधला, पत्र लिहिलं, भाव ठरवला. अशा माणसांची नावं कुठल्याही पाटीवर नसतात. पण अभयारण्य उभं राहिलं ते या कारकुनीवर, असं मला सगळं वाचून झाल्यावर वाटतं.

वर्षभरात दहा लाख डॉलर्सहून जास्त रक्कम जमली, आणि त्यातून जवळजवळ ३,००० एकर जमीन घेऊन ती सरकारला दिली गेली. ३ नोव्हेंबर १९६० ला ग्रेट स्वॉम्प राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याची स्थापना झाली. बातमी फुटल्यापासून बरोबर अकरा महिन्यांनी!

३,००० एकर म्हणजे किती, हे मला माझ्या मामामुळे कळलं. माझं आजोळ पनवेलजवळचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ज्याचं उद्घाटन झालं तो नवी मुंबईचा विमानतळ १,१६० हेक्टरांवर आहे, म्हणजे साधारण २,९०० एकर. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. मामाचं घर त्यातल्याच एका गावात होतं. म्हणजे या मंडळींनी वर्गणी काढून जेवढी जमीन विकत घेतली, तेवढ्यात आमचा अख्खा विमानतळ बसला! मामाला फोनवर ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "आमच्याकडे जमीन वाचवायची म्हणून विकत घ्यायची, आणि ती घेऊन सरकारलाच द्यायची, असं कुणी सभेत बोलला असता, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि घ्यायला पैसे कुणाकडे होते?"

मामाचा दुसरा प्रश्न मला टाळता येत नाही. ग्रेट स्वॉम्प वाचला त्याला डॉजसारखी माणसं शेजारी राहत होती हेही कारण आहे. विमानांची गरज काही त्यामुळे नाहीशी झाली नाही. ती नेवार्कने भागवली. १९७३ मध्ये तिथे दोन नवी टर्मिनल्स सुरू झाली, पुढे १९८८ मध्ये तिसरं, आणि त्या आवाजाखाली नेवार्क-एलिझाबेथची कामकरी वस्ती राहते. आपण भारतात जाताना तिथूनच विमान पकडतो, आणि परत आल्यावर बास्किंग रिजच्या शांततेत झोपतो. ही बाजू माहीत असूनही मला हे काम मोलाचं वाटतं, पण ती न सांगता पुढे जाणं बरोबर नाही.

आता, गोष्ट १९६० ला संपली असती तर मी ती कदाचित लिहिलीही नसती. लढाई जिंकली, हार घातले, फोटो काढले, झालं. पण ही माणसं थांबली नाहीत. पोर्ट ऑथॉरिटीने ही जागा लगेच डोक्यातून काढली नव्हती, त्यामुळे जमीन घेणं चालूच राहिलं. १९६४ च्या मे महिन्यात गृहखात्याचे मंत्री स्टुअर्ट युडल (इथलं 'इंटिरिअर' खातं म्हणजे आपलं पोलिसांचं गृहखातं नव्हे, देशाच्या जमिनी आणि जंगलं सांभाळणारं खातं) यांच्या उपस्थितीत अभयारण्याचं रीतसर लोकार्पण झालं. डॉज त्याआधीच, १९६३ मध्ये वारले होते. त्यांना तो समारंभ बघायला मिळाला नाही.

त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये 'वाइल्डरनेस' कायदा झाला. जिथे रस्ते नाहीत, घरं नाहीत, यंत्रं नाहीत, अशा जागांना सर्वांत कडक संरक्षण देणारा हा कायदा. त्याखाली डोंगराळ पश्चिमेतली जंगलं येणार हे उघड होतं. पण न्यूयॉर्कपासून तासाभरावरची दलदल? ग्रेट स्वॉम्पच्या लोकांनी तेही मागितलं. २८ सप्टेंबर १९६८ ला अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात अभयारण्यातल्या ३,६६० एकरांना तो दर्जा मिळाला. इंटिरिअर खात्याच्या अखत्यारीतलं हे देशातलं पहिलं वाइल्डरनेस क्षेत्र. यलोस्टोन नाही, योसेमिटी नाही, आपल्या न्यू जर्सीतली दलदल! आता तिथे विमानतळ आणायचा तर खुद्द काँग्रेसला कायदा बदलावा लागला असता.

हेलनबाईंचं काय झालं? दलदल वाचवताना त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वेळी संकट दारात आल्यावर कमिटी स्थापन करण्यात अर्थ नाही. गावच्या कारभारातच जमीन-पाणी बघणारी माणसं हवीत. १९६८ मध्ये न्यू जर्सीने कायदा केला, की कुठल्याही गावाला स्वतःचं पर्यावरण मंडळ नेमता येईल. पाच ते सात सभासद, सगळे त्या गावातले रहिवासी, बिनपगारी, आणि त्यातला एक जण नियोजन मंडळावरही असलाच पाहिजे. ही शेवटची अट फार हुशारीची आहे, कारण बांधकामाचे नकाशे तिथेच मंजूर होतात. १९६९ मध्ये या मंडळांची राज्यव्यापी संघटना निघाली, तिच्या संस्थापकांत हेलन फेन्स्की होत्या. पुढे त्या राज्याच्या पर्यावरण खात्यात सहायक आयुक्त झाल्या. २००७ मध्ये त्या वारल्या. बाबांनी ज्या व्हिजिटर सेंटरमध्ये मला प्रश्न विचारला, त्याला आता त्यांचंच नाव आहे. मी त्या दारातून आत गेलो तेव्हा वाटलं होतं, कुणी मोठी देणगीदार बाई असेल.

अभयारण्य आज ७,७०० एकरांच्या वर गेलं आहे. २४० हून जास्त जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. पण कुंपणाच्या आत सगळं आलबेल आहे असं नाही. चार ओढे आणि पसाइक नदीचा वरचा भाग मिळून ५५ चौरस मैलांचं पाणलोट क्षेत्र आहे, आणि त्यात दहा गावं येतात. आपण हिवाळ्यात ड्राइव्हवेवर टाकतो ते मीठ, हिरवळीवर मारतो ते खत, हे सगळं वाहत शेवटी त्या कासवांच्या घरात जातं. यासाठी १९८१ मध्ये ग्रेट स्वॉम्प वॉटरशेड असोसिएशन निघाली, आणि अभयारण्याला हातभार लावायला १९९९ मध्ये 'फ्रेंड्स' ही संस्था. त्यांची थोडीफार पगारी माणसं असतील-नसतील, पण कणा स्वयंसेवकांचाच. आजूबाजूच्या गावांत छोट्या छोट्या लँड ट्रस्टही आहेत. जमीनमालकाशी बोलायचं, मालकी त्याचीच ठेवून फक्त बांधकामाचा हक्क कायमचा सोडून देणारा करार करायचा, आणि मग दरवर्षी जाऊन तो पाळला जातोय ना ते तपासायचं. 'कायमचा' या शब्दाचा अर्थ असा, की तुम्ही गेल्यावरही कुणीतरी दरवर्षी जाऊन बघायला हवं.

हे 'कुणीतरी' कोण, ते गेल्या शरद ऋतूत मला बघायला मिळालं. कुतूहल म्हणून आमच्या भागातल्या अशाच एका छोट्या संस्थेच्या सभेला गेलो. शाळेच्या लायब्ररीत बारा खुर्च्या, आठ माणसं, एक कॉफीचा थर्मास. माझ्या चाळिशीच्या आतल्या वयाने तिथलं सरासरी वय बरंच खाली आणलं असावं! अध्यक्षबाई सत्त्याहत्तरच्या. खजिनदार गेली एकोणीस वर्षं तेच, कारण दुसरं कुणी मिळत नाही. विषयपत्रिकेवर पहिला मुद्दा विमा, दुसरा पायवाटेवर पडलेलं झाड, तिसरा नवे सभासद. तिसऱ्या मुद्द्यावर सगळे थोडा वेळ गप्प बसले.

मला एकदम आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची सभा आठवली. तोच हॉलच्या विम्याचा प्रश्न, तोच खजिनदार, तीच 'पुढच्या वर्षी कोण?' ही शांतता. गणपतीला पाचशे माणसांचं जेवण, तिकिटांचे हिशेब, शेवटच्या क्षणी न आलेला साउंडवाला, हे सगळं बिनपगारी सांभाळणारी किती माणसं आपल्यात आहेत! हे कसब आपल्याला शिकवायला नको. पण त्या लायब्ररीत आपल्यापैकी एकही जण नव्हता. त्याच संस्थेच्या पायवाटांवर रविवारी सकाळी मी निदान तीन मराठी कुटुंबं ओळखीची बघतो. त्यातलं एक माझंच.

याला कारणंही आहेत, हे कबूल करायला हवं. व्हिसाची टांगती तलवार, क्लायंट बदलला की राज्य बदलतं, 'ही जमीन आपली नाही' ही मनातली कुठलीतरी जुनी गाठ. मीही ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. पुढच्या पाच वर्षांत मी कुठे असेन हे मला सांगता येत नाही, आणि त्या संस्थेचा करार 'कायमचा' असतो. सभेत मी हे अध्यक्षबाईंना सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. पाच वर्षांचं मलाही सांगता येत नाही." मग त्यांनी विचारलं, मी काम काय करतो. मी सांगितलं, कॉम्प्युटरचं.

त्या उठल्या, आणि कपाटातून एक जाडजूड फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. ब्लूबर्डसाठी शेतांच्या कडेला लावलेल्या लाकडी घरट्यांच्या नोंदी. कुठल्या पेटीत किती अंडी, किती पिल्लं उडाली, कुठे चिमण्यांनी घुसखोरी केली. बावीस वर्षांच्या, सगळ्या पेन्सिलीने, चार-पाच वेगवेगळ्या अक्षरांत.

ती फाइल सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. २००९ पर्यंतचं मी एक्सेलमध्ये चढवलंय. २०१० च्या पानांवर कॉफी सांडली आहे, तिथले आकडे नीट लागत नाहीत, म्हणून येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता खजिनदारांकडे जायचंय. ते अक्षर त्यांचं आहे. मुलगाही बरोबर यायचं म्हणतोय.